खोट्या चिठ्ठीमागचा रानपिंगळा

वसईच्या किल्ल्याला लागून, उल्हास नदी खाडीच्या रूपाने जेथे समुद्राला मिळते त्या मुखाशी, पाचूबंदर ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. तिच्या एका अंगाला समुद्र आहे, आणि दुसऱ्या अंगाला, वसई-नायगावच्या दाटीपलीकडे, तुंगारेश्वर आणि कामणदुर्ग यांचे डोंगर उभे आहेत. त्या डोंगरांच्याही मागे, सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटरवर, तानसा तलावाभोवतीचे अभयारण्य पसरले आहे. मासळी सुकवणाऱ्या या बंदराचा आणि सागाच्या त्या रानाचा एकमेकांशी संबंध असल्याचे वरवर पाहता जाणवत नाही. परंतु जवळजवळ नाहीसा झाला असे समजल्या गेलेल्या एखाद्या लहान प्राण्याचा उरलासुरला वावर कसा शोधावा, या प्रश्नाच्या मुळाशी जो विचार आहे तो पाचूबंदरातील डोलकराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असल्यामुळे, विषयाची सुरुवात तेथूनच करणे सोयीचे आहे.

डोल हे मोठ्या निमुळत्या पिशवीसारखे जाळे असून ते समुद्रात एका जागी बांधून ठेवतात. ते ओढावे लागत नाही, भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा, मांदेली आपोआप त्यात येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते तेव्हा डोल भरते, आणि अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी मंदावले की त्याच जागी, त्याच खुंटांना बांधलेले तेच जाळे जवळपास रिकामे वर येते. भांगाच्या दिवशी रिकामे जाळे पाहून समुद्रातला बोंबील संपला असे कोणी कोळी म्हणत नाही, कारण जाळ्यात न येणे आणि पाण्यात नसणे या दोन गोष्टी त्याच्या लेखी वेगळ्या आहेत. वन्यजीवशास्त्राला हा भेद गणिताच्या भाषेत मांडण्यासाठी विसावे शतक संपत येईपर्यंत थांबावे लागले. प्राणी त्या जागी असूनही पाहणी करणाऱ्याला तो दिसण्याची जी शक्यता असते तिला आढळ-संभाव्यता म्हणतात, आणि ती शक्यता किती हे ठाऊक नसेल तर ‘आढळला नाही’ या दोन शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. हा भेद न पाळल्यामुळे, आणि त्यात एका माणसाच्या लबाडीची भर पडल्यामुळे, महाराष्ट्रातील एक पक्षी शंभराहून अधिक वर्षे ‘नाही’च्या रकान्यात पडून राहिला. तो पक्षी म्हणजे रानपिंगळा.

पिंगळा हे लहान घुबडांचे मराठी नाव. गावालगतच्या वडा-चिंचेच्या ढोलीत राहणारा, तिन्हीसांजेला विजेच्या तारेवर येऊन बसणारा आणि कर्कश कलकलाट करणारा तो ठिपकेवाला पिंगळा. त्याच्या कपाळावर, पाठीवर पांढरे ठिपके असतात. पानझडीच्या जंगलात, अंगभर बारीक आडव्या रेघा असलेला आणखी एक पिंगळा आढळतो. रानपिंगळा, ज्याला वनपिंगळा असेही म्हणतात, या दोघांहून किंचित मोठा, सुमारे २३ सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि कपाळ जवळजवळ बिनठिपक्यांचे राखी-तपकिरी, छाती गडद, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पायांवर बोटांपर्यंत दाट पांढरी पिसे, आणि नखे त्याच्या आकाराच्या पक्ष्याला शोभणार नाहीत इतकी दांडगी. या वर्णनातली प्रत्येक खूण महत्त्वाची आहे, कारण दुरून, कमी उजेडात, घाईने पाहणाऱ्याला हे तिन्ही पिंगळे सारखेच वाटतात, आणि रानपिंगळा आणि ठिपकेवाला पिंगळा यांच्यातील गफलतीने या शोधात अनेकांना चकवले आहे.

शास्त्राला हा पक्षी प्रथम माहीत झाला तो १८७२ साली, जेव्हा एफ. आर. ब्लूइट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर परिसरात त्याचा एक नमुना मिळवला. पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात त्याचे वर्णन करून ब्लूइट यांचे नाव त्याला दिले. १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. भारतीय पक्ष्यांचा त्यांचा प्रचंड संग्रह त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमकडे गेला. दुसरा नमुना व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला १८७७ साली आजच्या ओडिशातील खरियार भागात मिळाला. त्यानंतरचे नमुने पश्चिम खानदेशात, शहादा-तळोदे परिसरात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० ते १८८४ च्या दरम्यान गोळा केले. हे सगळे मिळून भरतात अवघे ७ नमुने. डेव्हिडसन यांचे काम थांबले त्याच सुमारास, १८८३ साली, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली, हा योगायोग मनाला लागतो: भारतीय पक्ष्यांच्या पद्धतशीर अभ्यासाचे घर जेव्हा उभे राहिले, नेमका तेव्हाच हा पक्षी नोंदींतून गेला.

येथे ‘नमुना’ या शब्दाचा अर्थ सांगितला पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्याच्यावर उभी आहे. दुर्बीण आणि कॅमेरा हाती येण्यापूर्वी पक्ष्याची ओळख पटवण्याचा मार्ग म्हणजे त्याला मारून, कातडे सोलून, ते आतून सुकवून, त्यात कापूस भरून शिवणे आणि पायाला एक चिठ्ठी बांधणे हा होता. या चिठ्ठीवर जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. कातडे किती सुबक आहे यापेक्षा त्या चिठ्ठीला मोल अधिक, कारण कातडे फक्त पक्षी कसा होता एवढेच सांगते. तो कोठे होता, केव्हा होता, कोणत्या रानात होता हे चिठ्ठीच सांगते. चिठ्ठी खोटी असेल तर त्या पक्ष्याविषयीचे सगळे ज्ञान चुकीच्या जागी जाऊन बसते, आणि त्याला शोधायला निघालेला माणूस त्या चुकीच्या जागेकडे चालू लागतो.

रानपिंगळ्याच्या बाबतीत हेच घडले. डेव्हिडसन यांच्यानंतर एकच नवी नोंद पुढे आली होती, आणि ती होती रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची. दक्षिण गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे १९१४ साली आपण हा पक्षी मिळवला, असे त्याच्या नमुन्यावरच्या चिठ्ठीत लिहिलेले होते. (वसई तालुक्यात, तुंगारेश्वराच्या पायथ्याला जे मांडवी आहे ते हे नव्हे.) माइनर्ट्‌झहागेन हा आपल्या काळातला नामांकित पक्षीतज्ज्ञ. सुमारे २० हजार पक्षी-कातड्यांचा त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे आलेला, त्यामुळे त्याच्या चिठ्ठीवर शंका घेण्याचे कोणाला काही कारण वाटले नाही. विसाव्या शतकात जे जे या पिंगळ्याच्या शोधात निघाले त्यांच्यापुढे ‘सर्वांत अलीकडची’ म्हणून हीच नोंद होती. १९७०च्या दशकात डॉ. सालिम अली आणि एस. डिलन रिप्ली यांच्यासारख्या अधिकारी पुरुषांनी केलेला शोधही निष्फळ ठरला, आणि हा पक्षी बहुधा नामशेष झाला असावा, अशी समजूत हळूहळू घट्ट होत गेली.

ही गाठ सुटली ती जंगलात नव्हे, संग्रहालयाच्या खणात. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रासमुसेन या दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या मार्गदर्शक ग्रंथाचे काम करत होत्या. रिप्ली यांनी सुरू केलेले हे काम त्यांच्याकडे आले होते आणि पुढे २००५ साली ते दोन खंडांत प्रसिद्ध झाले. ग्रंथासाठी जुने नमुने तपासताना माइनर्ट्‌झहागेनच्या संग्रहातील चिठ्ठ्या आणि कातडी यांचा मेळ बसत नसल्याचे त्यांच्या लक्षात येऊ लागले. १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी त्याच्या काही इतर पक्ष्यांच्या नमुन्यांबाबत असाच पुराव्यानिशी आक्षेप घेतलेला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी रानपिंगळ्याच्या त्या नमुन्याची क्ष-किरणांनी तपासणी केली. पक्ष्याचे कातडे कसे सोलावे, कोणते हाड ठेवावे, कोणते काढावे, कापूस कसा ठासावा, शिवण कशी घालावी, याची प्रत्येक संग्राहकाची हातोटी निराळी असते आणि माणसाच्या हस्ताक्षरासारखी ती ओळखता येते. १९१४ सालच्या म्हणवल्या जाणाऱ्या त्या पिंगळ्याच्या आत डेव्हिडसन यांचे हस्ताक्षर होते. कातडे एकदा भरलेले होते, नंतर कोणीतरी ते उसवून, त्यातला कापूस काढून, पुन्हा नव्याने भरून शिवले होते. तरीही जुन्या कामाच्या खुणा आणि जुन्या कापसाचे काही तंतू आत राहून गेले होते. त्या तंतूंची तपासणी अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत झाली. निष्कर्ष असा निघाला की माइनर्ट्‌झहागेनने ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसन यांचाच एक नमुना चोरला, त्याचे रूप बदलले आणि स्वतःच्या नावाची, खोट्या जागेची, खोट्या तारखेची चिठ्ठी त्याला बांधली. हे संशोधन १९९९ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या चोरीचे गांभीर्य संग्रहालयाच्या नुकसानीपेक्षा फार मोठे आहे. ती चिठ्ठी नसती तर शोधकर्त्यांसमोर फक्त खरे नमुने राहिले असते, आणि त्यांतील बहुतेक शहादा-तळोद्याकडे बोट दाखवतात. खानदेशातील ज्या जंगलात पक्षी खरोखर होता तेथे लोक कितीतरी आधी पोहोचले असते. मधल्या दशकांत सातपुड्याच्या पायथ्याची सपाटीवरची जंगले शेतीखाली गेली, सागाची तोड झाली, आणि ते सारे घडत असताना तेथे असा काही दुर्मिळ पक्षी आहे हे कोणाच्या गावीही नव्हते. नोंदच नसली तर माणूस निदान शोधतो. खोटी नोंद त्याला समाधान देऊन भलतीकडे पाठवते. एखाद्या प्राण्याच्या अस्तित्वाविषयी केलेला खोटेपणा हा त्या प्राण्यावरचा प्रत्यक्ष आघात असतो, असे म्हणणे येथे जरासुद्धा अतिशयोक्तीचे नाही.

मांडवीची नोंद बाद केल्यावर रासमुसेन यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागांचाच माग काढायचे ठरवले. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या, अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. आधी पूर्वेकडच्या, ब्लूइट यांच्या जुन्या परिसरात फिरून काही हाती लागले नाही, तेव्हा ते शहाद्याकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला, उघड्या फांदीवर उन्हात बसलेला एक पिंगळा किंग यांच्या नजरेस पडला. बिनठिपक्यांचे कपाळ, गडद छाती, पांढरे पोट, पांढऱ्या पिसांचे दांडगे पाय: कातड्यांवरून पाठ केलेल्या सगळ्या खुणा जिवंत पक्ष्यावर उमटलेल्या होत्या. तो बराच वेळ जागचा हलला नाही, त्यामुळे छायाचित्रे आणि चित्रफीत दोन्ही घेता आली. सुमारे ११३ वर्षांनी हा पक्षी पुन्हा शास्त्रज्ञांच्या डोळ्यांसमोर आला, आणि तोही डेव्हिडसन यांनी लिहून ठेवले होते त्याच मुलखात. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ रोजी, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि रानपिंगळ्याचा पत्ता खानदेश, धुळे, नंदुरबार असा दुसऱ्यांदा बदलला.

पक्षी सापडल्यावर त्याच्या सवयी कळू लागल्या आणि तो इतका काळ का सापडला नव्हता याची आणखी कारणे पुढे आली. घुबड म्हणजे निशाचर, या समजुतीने लोक त्याला रात्री शोधत, आणि रानपिंगळा तर बराचसा दिवसा वावरणारा निघाला. हिवाळ्याच्या सकाळी तो उंच, पाने झडलेल्या सागाच्या किंवा मोईच्या उघड्या फांदीवर ऊन घेत बसतो, अस्वस्थ झाला की शेपटी झटक्याने या बाजूकडून त्या बाजूला हलवतो आणि खाली सरडा किंवा पाल हलली की तिच्यावर झेपावतो. सरडे आणि उंदीर हे त्याचे मुख्य खाणे, जोडीला मोठे किडे. दाट, दमट अरण्यात त्याला शोधणाऱ्यांचा अंदाजही चुकला होता, कारण त्याला विरळ, कोरडे, मोठमोठ्या झाडांचे पानझडी रान लागते, ज्यात खालची जमीन दिसेल आणि जुन्या खोडांना घरट्यासाठी ढोल्या असतील. त्याचा आवाज कसा हे तर १९९७ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. फराह इश्तियाक आणि रासमुसेन यांनी तो ध्वनिमुद्रित करून त्याचे वर्णन १९९९ साली प्रसिद्ध केले. लहान पक्ष्याचा शोध निम्म्याहून अधिक कानांनीच घेतला जात असल्यामुळे, या ध्वनिमुद्रणाने पुढच्या सगळ्या पाहण्यांचे स्वरूप पालटले.

वेळ, जागा आणि आवाज, तिन्ही बाबतींत लोक भांगाच्या दिवशी डोल लावत होते. हाच प्रकार जगाच्या दुसऱ्या टोकालाही घडलेला आहे. ऑस्ट्रेलियात अनेक सस्तन प्राण्यांच्या माद्या आपली अपुऱ्या वाढीची पिल्ले पोटावरील कातडीच्या पिशवीत वाढवतात. मराठीत या प्राण्यांना शिशुधान म्हणतात, आणि कांगारू हा त्यांतील सर्वांना माहीत असलेला. भारतात शिशुधान प्राणी निसर्गतः नाहीत. त्यांच्यापैकी लेडबीटरचा पॉसम हा खारीएवढा, झाडांच्या ढोलीत राहणारा प्राणी व्हिक्टोरिया प्रांतातील दलदलीच्या सखल भागातून १८६७ साली वर्णिला गेला. त्या दलदली शेतीसाठी कोरड्या केल्या गेल्या, १९०९ नंतर तो कोणाला मिळेना, आणि तो संपला असे मानले गेले. १९६१ साली मेरिसव्हिल गावाजवळ, डोंगरावरच्या उंच निलगिरीच्या जंगलात, एरिक विल्किन्सन यांना तो दिसला. ज्या रानात त्याला पूर्वी कोणी शोधलेच नव्हते तेथेच त्याची मोठी वस्ती होती. त्याची मोजदाद करण्याची पद्धत फार साधी आणि फार सोशीक आहे: संध्याकाळी मेलेल्या, पोकळ झाडांखाली एकेक माणूस मान वर करून बसतो आणि अंधार पडताना ढोलीतून कोण बाहेर येते ते मोजतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील गिल्बर्टचा पोटोरू हा उंदरासारखा दिसणारा शिशुधान प्राणीही शतकाहून अधिक काळ हरवलेला समजला गेला आणि १९९४ साली, दुसऱ्याच एका प्राण्यासाठी लावलेल्या पिंजऱ्यात, जिवंत सापडला. जुनी झाडे, त्यांतल्या ढोल्या आणि चुकीच्या जागी झालेला शोध, या तीन बाबतींत लेडबीटरच्या पॉसमचे आणि खानदेशातल्या पिंगळ्याचे दैव विलक्षण मिळतेजुळते आहे.

शहाद्यानंतरचे काम संथ आणि कष्टाचे होते. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी १९९८-९९ मध्ये मध्य भारतातील अनेक जंगले धुंडाळली, तेव्हा उत्तर महाराष्ट्र आणि लगतच्या मध्य प्रदेशात, चार ठिकाणी मिळून, २५ रानपिंगळे मिळाले. तोरणमाळचे राखीव जंगल, जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य आणि अमरावतीचे मेळघाट ही नावे नकाशावर आली. मेळघाटात गिरीश जठार यांनी या पक्ष्याच्या राहणीचा दीर्घ अभ्यास केला आणि आजही महाराष्ट्रातील त्याची सर्वांत भक्कम वस्ती तेथे मानली जाते. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्वेशन सोसायटीच्या प्राची मेहता आणि जयंत कुलकर्णी यांनी मध्य प्रदेशाच्या खंडवा-बुऱ्हाणपूर पट्ट्यात तो शोधला. त्याच सुमारास तो सर्वत्र संकटातही होता. तोरणमाळ परिसरात जंगल तोडून शेते निघत होती, मोठी झाडे सरपणासाठी आणि इमारतीसाठी जात होती, आणि ढोल्यांच्या झाडांना वणवे खात होते.

यानंतरच्या घटनेने पाचूबंदरच्या मागच्या डोंगरांना या कथेत आणले. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांना तानसा अभयारण्यात रानपिंगळा दिसला आणि ‘इंडियन बर्ड्‌स’ या नियतकालिकात त्यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. तानसा म्हणजे मुंबईला १८९२ पासून पाणी पुरवणारा तलाव; त्याच्या पाणलोटाचे रान राखण्यासाठी १९७० साली अभयारण्य घोषित झाले आणि सुमारे ३२० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि पालघर जिल्ह्यातील वाडा, मोखाडा या तालुक्यांत विभागलेले आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला होता. म्हणजे नव्या जिल्ह्याचा कारभार बसण्यापूर्वीच दोन जिल्ह्यांत विभागलेल्या या रानात जगातला एक अतिदुर्मिळ पक्षी नोंदवला गेला. सातपुड्यातील ठाऊक असलेल्या वस्त्यांपासून हे ठिकाण शेकडो किलोमीटर नैर्ऋत्येला, पश्चिम घाटाच्या उताराला आहे. तेथे हा पक्षी असेल असे कोणी गृहीत धरले नव्हते, आणि तानसा काही दुर्गम नाही. मुंबई-नाशिक रस्त्यापासून जवळच, पक्षीनिरीक्षकांच्या नित्याच्या फेऱ्यांतले ते जंगल आहे. पुढे दक्षिण गुजरातेत, डांगातील पूर्णा अभयारण्यातही तो आढळला, आणि सातपुडा ते सह्याद्रीचा पायथा यांच्यामधली मोकळी जागा थोडी भरल्यासारखी झाली. नवनव्या जागा कळत गेल्यामुळेच २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा एक पायरी सौम्य झाला. पिंगळे वाढले असा त्याचा अर्थ नाही. जगात त्याचे प्रौढ पक्षी हजाराच्या आत आहेत असाच त्या यादीचा अंदाज आहे. वाढले ते आपले त्याच्याविषयीचे ज्ञान.

त्याच वर्षी त्याच्या कुळाचाही उलगडा झाला. ह्यूम यांनी त्याला हेटरोग्लॉक्स हे स्वतंत्र कुळनाव दिले होते, आणि त्याच्याइतका वेगळा पक्षी दुसरा नाही, या कल्पनेने त्याच्याभोवती एक वलय तयार झाले होते. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, उमा रामकृष्णन आदींनी त्याच्या डी.एन.ए.ची तुलना केली तेव्हा तो अथिनी या कुळातच, म्हणजे ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या भाऊबंदांत, बसतो असे दिसून आले. गावच्या चिंचेवरचा तो कलकलाटी पिंगळा आणि तानशाच्या सागावरचा हा मुका भासणारा पाहुणा एकाच घरचे निघाले.

आज एखाद्या रानात रानपिंगळा शोधायचा तर कसा शोधतात, हे पाहिले म्हणजे डोलकराचा हिशोब पुन्हा डोळ्यांसमोर येतो. सर्वेक्षणासाठी जंगलाचे नकाशावर सारख्या मापाचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनात ठरावीक अंतरावर थांबे घेतात, सूर्य उगवल्यानंतरचे आणि मावळण्यापूर्वीचे काही तास तेथे थांबून आधी शांतपणे ऐकतात, मग गरज पडली तर पक्ष्याचा मुद्रित आवाज थोडा वेळ वाजवून उत्तराची वाट पाहतात. विणीचा काळ साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतो, नर आपल्या हद्दीचा घोष याच दिवसांत जास्त करतो, त्यामुळे उत्तर मिळण्याची शक्यता तेव्हा अधिक. पण त्याच कारणाने या दिवसांत आवाज फार वेळ वाजवणे अत्यंत चुकीचे, कारण समोर प्रतिस्पर्धी आहे असे समजून नर हद्द राखण्यातच गुंतून पडतो आणि विणीत व्यत्यय येतो. छायाचित्राच्या हौसेपायी तासन्‌तास ध्वनिमुद्रण वाजवणाऱ्यांनी हे पुन्हा पुन्हा लक्षात घेतले पाहिजे. प्रत्येक चौकोनाला एकदा नव्हे, अनेकदा भेट द्यावी लागते. समजा एखाद्या जागी पक्षी असूनही एका भेटीत तो कळण्याची शक्यता दहात तीन असेल, तर एकाच फेरीनंतर ‘नाही’ लिहिणारा दहापैकी सात वेळा चुकेल. चार स्वतंत्र फेऱ्यांनंतर ही चूक चारात एकाहून थोडी कमी उरते, आणि आठ फेऱ्यांनंतर सुमारे सतरात एक. शोध महाग होतो तो याच कारणाने, आणि ‘नाही’ हे उत्तर ‘आहे’पेक्षा जास्त कष्टाने मिळवावे लागते तेही याच कारणाने.

या साऱ्या मांडणीत एक गोष्ट सुटता कामा नये. चौकोन पाडणारा संशोधक हिवाळ्यात काही आठवडे येतो, आणि त्या रानात वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा माणसे बारा महिने असतात. कोणत्या मोहाला ढोली आहे, कोणत्या ओढ्याकाठचा साग यंदा पडला, दिवसा बसणारे ‘पिंगळे’ कोणत्या टेकाडावर दिसते, हे त्यांना व बीटवरच्या वनरक्षकाला ठाऊक असते. त्यांच्या सांगण्यालाही तपासाची गरज असते, कारण त्यांच्याकडे तिन्ही पिंगळ्यांना बहुधा एकच नाव असते. पण कोठे पाहायचे हे ठरवायला त्यांच्याइतका चांगला आधार दुसरा नाही.

दिवाळीच्या अंकात या पक्ष्याविषयी लिहिताना एक दुःखद गोष्ट टाळता येत नाही. घुबड हे लक्ष्मीचे वाहन मानले जाते, आणि त्याच श्रद्धेच्या विकृतीतून धनलाभासाठी घुबडाचा बळी देण्याचे प्रकार दिवाळीच्या दिवसांत देशाच्या अनेक भागांत होतात. ट्रॅफिक या वन्यजीव-व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या भारतीय शाखेने २०१० साली या व्यापाराचा तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला आहे. भारतातील सर्व घुबडांना कायद्याने संरक्षण आहे आणि रानपिंगळा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तरीही घुबडाचा घूत्कार अशुभ म्हणून त्याला बेचकीने उडवणारी मुले आणि ते पाहून गप्प बसणारी मोठी माणसे कितीतरी गावांत आहेत. हजाराहून कमी उरलेल्या पक्ष्याच्या बाबतीत एका बेचकीचा दगड हाही हिशोबात धरावा लागतो.

पाचूबंदरामागचा तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे ८६ चौरस किलोमीटर, रान मिश्र पानझडी, काही उतारांवर साग. दक्षिणेला खाडीकाठच्या नागला भागातून ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाशी आणि पूर्वेला तुकड्यातुकड्यांनी तानशाच्या रानाशी नाते ठेवून आहे, आणि त्या तुकड्यांमधून महामार्ग, रेल्वे, गोदामे आणि दगडाच्या खाणी वाढत चाललेल्या आहेत. अशा रानाच्या एखाद्या चौकोनात शोध घेणाऱ्याने शेवटी जो कागद भरायचा असतो, त्यात पक्ष्याच्या रकान्याइतकेच बाकीचे रकाने मोलाचे असतात: फेरी कितवी, तारीख, सूर्योदयानंतर किती मिनिटांनी, वारा होता की नव्हता, आवाज वाजवला असल्यास किती वेळ, ढोली असलेली झाडे किती, पाहणाऱ्याचे नाव. पक्ष्याच्या रकान्यात शून्य आले तरी हे सगळे खरेखुरे लिहिलेले असले, तर तो कागद पुढच्या माणसाला उपयोगी पडतो. पुढच्या हिवाळ्यात कोणत्या चौकोनात, किती वाजता आणि कितव्यांदा जायचे, ते त्याला त्या शून्यावरून कळते.